मुळेचे पाणी कोणत्या समुद्राला मिळते?

पुण्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. तरीही संगमावरून वाहणारे मुळा-मुठेचे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते, भीमेत मिसळते, पंढरपुरावरून पुढे रायचूरच्या परिसरात कृष्णेला मिळते आणि हजाराहून अधिक किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागरात पोहोचते. नदी जवळच्या समुद्राला मिळते, हा नकाशा पाहून होणारा समज इथे सपशेल खोटा ठरतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस भाच्यासोबत ताम्हिणी घाट उतरून कोलाडला जाताना या उत्तरालाही एक पोटकलम असल्याचे दिसले.

शालेय नकाशात सह्याद्री तपकिरी पट्ट्याने रंगवलेला असतो. त्यामुळे कोकणात जायचे म्हणजे आधी डोंगर चढायचा आणि मग उतरायचा, असे वाटत राहते. प्रत्यक्षात पिरंगुटचा छोटा घाट सोडला, तर पौडवरून मुळशी तलावापर्यंत चढ असा जाणवतच नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि भरलेल्या तलावाची पातळी सहाशेच्या थोडी वर, म्हणजे फरक किरकोळच. सह्याद्री ही दोन्ही बाजूंनी सारखी उतरणारी भिंत नाही. ती दख्खनच्या पठाराची तुटलेली पश्चिम कड आहे. ताम्हिणी ओलांडल्यावर आम्ही कोकणात उतरणाऱ्या कुंडलिका नदीच्या दरीत डोकावलो, तेव्हा काळ्या बसाल्टचे थर एकावर एक रचलेले दिसत होते, कपारींतून पाणी झरत होते आणि धुके सरकले की एकदम खाली कोकणातली भातखाचरे उघडी पडत होती. पठाराचा एकूण उतार पूर्वेकडे असल्याने या कडेच्या अलीकडे पडलेला पाऊस पुण्याच्या वाटेला लागतो, पलीकडचा काही तासांत खाडीत असतो.

निदान निसर्गाचा हिशेब तसा होता. मुळेवरचे हे मुळशीचे धरण टाटांनी विजेसाठी बांधले. जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी १९२१ मध्ये केलेला आणि सेनापती बापटांनी नेतृत्व केलेला सत्याग्रह त्याच धरणाविरुद्धचा. इथले पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, भिरा येथील वीजघरावर सोडले जाते आणि तिथून ते कुंडलिकेत जाते. त्यामुळे पूर्ववाहिनी मुळेच्या या पाण्याचा मोठा भाग पश्चिमेला जातो आणि धरण भरल्यावर सांडव्यावरून सोडलेले तेवढे पुण्याकडे येते.

“पण मामा, नकाशात तलाव आणि कुंडलिका कुठेच जोडलेले नाहीत,” भाचा मोबाईल पुढे करीत म्हणाला. त्याचे बरोबर होते. निळी रेघ नदीचे पात्र दाखवते, पाणी कुठे गेले ते दाखवत नाही. कोयनेचेही असेच आहे. तिचे पाणी पोफळीच्या वीजघरातून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत उतरते. कृष्णा खोऱ्यातून पश्चिमेला किती पाणी वळवावे, यावर राज्यांमधील पाणीवाटपाच्या लवादाला मर्यादा घालावी लागली ती काही उगाच नाही.

कोलाडला राफ्टिंगवाल्याला विचारले, तर त्याला नकाशाची गरजच नव्हती. “पाणी मुळशीचंच साहेब. वर वीज झाली की इथं सुटतं, म्हणून तर भर उन्हाळ्यातही होड्या चालतात.” हेच पाणी पुढे रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत, म्हणजे जवळपास पुण्याच्याच अक्षांशावर, अरबी समुद्राला मिळते.