कोजागरीचं दूध आणि ४३७ मेगाहर्ट्झ

इंदूरला रामबागेतल्या आमच्या मंडळाचे वर्षभर काही ना काही कार्यक्रम चालत. गणपती, दिवाळी पहाट, संक्रांतीचं हळदीकुंकू, मुलांचं संमेलन. पण लहानथोर सगळे मनापासून वाट बघत ती कोजागरीची. ती नेहमी एकाच गच्चीवर होई. तीन मजली घर, शेजारी उंच इमारत नाही, दक्षिणेकडचं आकाश खालपर्यंत मोकळं. हे मोकळं आकाश रेडिओकाकांच्या दृष्टीनं गच्चीपेक्षाही मोलाचं होतं.

तिथी आठवड्याच्या मधे आली की मंडळ जवळच्या शनिवारी कोजागरी करी. तिथीला धरून चालणाऱ्या आज्या दोन दिवस कुरकुर करत आणि शनिवारी दुपारी स्वतःच चारोळ्या निवडायला येऊन बसत. चार वाजता शेगडीवर मोठा भगोना चढे. दूध आटता आटता एका बाजूला भुट्ट्याचा कीस, दुसऱ्या बाजूला सतरंज्या, लोड आणि पेटी-तबला. दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, भावगीतं, उखाणे, मग दूध. फळ्यावर खडूनं कार्यक्रम लिहिलेला असे आणि २००५ पासून त्यात एक ओळ वाढली: ‘उपग्रह ऐकणे’. वेळ मात्र प्रत्येक वर्षी वेगळी, आणि ती मंडळाच्या हातात नसे. अध्यक्षांचं भाषण चालू असो की कुणाचा अंतरा, काकांनी हात वर केला की सगळे थांबत.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. आम्हा पोरांना त्यांचं खरं नाव कितीतरी वर्षं माहीत नव्हतं, रेडिओकाका एवढंच. २००५ सालच्या ५ मे रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ नं कार्टोसॅट-१ बरोबर हॅमसॅट वर नेला, साडेबेचाळीस किलोचा, हौशी रेडिओवाल्यांसाठी भारतानं बनवलेला पहिला उपग्रह. त्यात खालून आलेला आवाज झेलून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत खाली पाठवणारे दोन ट्रान्सपाँडर होते, एक आपल्याकडचा आणि एक नेदरलँड्समधल्या एका तरुण हॅमनं बनवलेला. ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात खालून बोलायचं, १४५ च्या पट्ट्यात वरून ऐकायचं. त्या कोजागरीला रात्री दहाच्या पुढे काकांनी आडव्या दांड्यांचा ॲन्टेना हातात धरून दक्षिणेकडून उत्तरेकडे हळूहळू फिरवला आणि स्पीकरमधून माणसं बोलायला लागली. कुणी केरळातला, कुणी आखातातला. जेमतेम सव्वासहाशे किलोमीटर उंचीवरून तो उपग्रह सगळीकडे अडीच-पावणेतीन हजार किलोमीटरपर्यंत दिसत होता, म्हणून एकाच वेळी त्या सगळ्यांना आणि आम्हाला. बारा-तेरा मिनिटांनी आवाज उत्तरेकडे विरले. एका आजींनी विचारलं, “पुन्हा कधी येईल हो?” काकांनी तास-मिनिटांसकट सांगितलं. मला वाटतं, आमच्या मंडळाला उपग्रहाचं वेड लागलं ते त्या उत्तरानं. आकाशातल्या वस्तूची वेळ आपल्या गच्चीवरचा माणूस सांगू शकतो हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

चंद्र नीट दिसावा म्हणून कोजागरीला गच्चीवरचे दिवे घालवतातच. काकांनी त्यात खालच्या दोन मजल्यांच्या ट्यूबलाइट आणि इन्व्हर्टरही घातले. ट्यूबच्या चोकची आणि इन्व्हर्टरची घरघर रिसीव्हरमध्ये इतकी येते की वरून खाली आलेला क्षीण आवाज त्यात बुडतो. वर्षातला हा एकच दिवस असा, की सगळी गल्ली आपण होऊन दिवे बंद करी.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती २०११ ची कोजागरी. तिथी ११ ऑक्टोबरची होती, मंडळानं शनिवार धरला, १५ तारीख. मधल्या बुधवारी, १२ ऑक्टोबरला, पीएसएलव्ही-सी१८ उडालं. त्यावर भारत आणि फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स, लक्झेंबर्गचा व्हेसलसॅट, चेन्नईच्या एसआरएम विद्यापीठाचा अकरा किलोच्या आतबाहेरचा एसआरएमसॅट आणि आयआयटी कानपूरच्या मुलांचा तीन किलोचा जुगनू. काका तीन दिवस घरात कुणाशी धड बोलत नव्हते. चौघांचं घर एकच होतं, सुमारे ८६५ किलोमीटर उंची आणि विषुववृत्ताशी फक्त २० अंशांचा कल. म्हणजे ते कधीच आमच्या डोक्यावर येणार नव्हते. इंदूर जवळजवळ पावणेतेवीस अंशांवर. कायम दक्षिणेकडून, पश्चिमेहून पूर्वेला जाणार. आणि त्या आठवड्यात इंदूरच्या टापूत ते मध्यरात्रीनंतरच येत होते.

मंडळानं काय करावं? दूध बाराला न देता एकला द्यायचं ठरवलं. लहान मुलं सतरंजीवर आडवी झाली, मोठी माणसं गात बसली.

नव्या उपग्रहाची अडचण अशी असते. रॉकेटवरून सुटल्यावर पहिल्या दिवसांत रडारला वर काही ठिपके दिसतात. त्यांच्या कक्षा मोजून दोन-दोन ओळींच्या आकड्यांत प्रसिद्ध होतात, आणि नावाच्या जागी नुसतं ‘ऑब्जेक्ट ए’, ‘ऑब्जेक्ट बी’ असं लिहिलेलं असतं. २०११-०५८ हा त्या उड्डाणाचा क्रमांक, पुढे अक्षरं. रडारला ठिपका दिसतो, ठिपक्याचं नाव दिसत नाही. उलट रेडिओवर जुगनूचा आवाज वेगळा, एसआरएमसॅटचा वेगळा. दोघेही ४३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पण आपापल्या जागी, मोर्सच्या टिंब-रेघांमध्ये आपली खूण सांगत. कोण बोलतंय ते कळतं, कुठल्या ठिपक्यातून बोलतंय ते कळत नाही. ते कळल्याशिवाय पुढच्या आठवड्यात ॲन्टेना कुठे वळवायचा हे खुद्द उपग्रह बनवणाऱ्या मुलांनाही खात्रीनं सांगता येत नाही.

दोन्हींची गाठ घालतो तो डॉप्लर. उपग्रह आपल्याकडे येत असताना त्याची फ्रिक्वेन्सी चढलेली ऐकू येते, दूर जाताना उतरलेली. ४३७ मेगाहर्ट्झवर हा फरक येताना सुमारे नऊ किलोहर्ट्झ वर आणि जाताना तितकाच खाली. तो सर्वांत जवळ असतो त्या क्षणी फ्रिक्वेन्सी आपल्या खऱ्या जागेवरून जाते आणि उतारही तिथेच सर्वांत तीव्र असतो. हा क्षण सेकंदात पकडता आला, की कुठला ठिपका त्या सेकंदाला जवळ होता एवढंच बघायचं. १९५७ मध्ये स्पुटनिकची कक्षा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत दोन तरुणांनी अशीच, नुसत्या बीप-बीपवरून काढली होती, हे काका दर वर्षी सांगत आणि दर वर्षी तितक्याच उत्साहानं.

ठिपके इतके जवळ असताना वेगळे कसे ओळखायचे, हा प्रश्न त्या रात्री आमच्या दादानं विचारला. काकांनी सांगितलेलं मला अजून तोंडपाठ आहे. सुटताना दोघांच्या वेगात सेकंदाला एकच मीटरचा फरक पडला, तरी दिवसभरात ते एकमेकांपासून अडीचशे किलोमीटर लांब जातात. आणि मागे ढकलला गेलेला पुढे निघून जातो! वेग कमी झाला की तो थोडा खाली उतरतो, खालचा फेरा लहान, म्हणून तो लवकर पुरा होतो. तीन दिवसांत दोघांच्या येण्यात दीड-दोन मिनिटांचं अंतर पडू शकतं. घड्याळ बरोबर असेल तर तेवढं पुष्कळ.

म्हणून घड्याळ. आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या पिप-पिपवर दादानं ते संध्याकाळीच लावून ठेवलं होतं. रिसीव्हर दहापासून चालू, कारण गरम व्हायच्या आधी तो स्वतःच सरकतो आणि मग मोजलेलं उपग्रहाचं की रिसीव्हरचं ते सांगता येत नाही. ॲन्टेना काकांच्या हातात. लाकडी पट्टीवर ॲल्युमिनियमच्या सात दांड्या, मधे काळी केबल, मुठीशी सुतळी गुंडाळलेली. उपग्रह गोल फिरत असतो, त्यामुळे आवाज मधूनच बसतो. तेव्हा काका मनगट वळवून दांड्या आडव्याच्या उभ्या करत आणि आवाज परत वर येई. मी वही-पेन्सिल घेऊन बसले होते.

आणि पेटीवर काकू. फ्रिक्वेन्सी मोजायची तर डायल असा फिरवत राहायचा की मोर्सचा सूर कायम एकाच स्वरावर राहील, आणि दर अर्ध्या मिनिटाला डायलवरचा आकडा टिपायचा. पण सूर खरंच तोच आहे की थोडा उतरलाय, हे कानाला फसवतं. काकूंनी तार सप्तकातला एक स्वर धरला आणि भाता हलवत तो तसाच ठेवला. दादा डायल फिरवी, काकू डोळे मिटून “वर... अजून... बस” म्हणत, तो आकडा वाची, मी लिही. तीस वर्षं भावगीतांना साथ करणाऱ्या त्या कानानं रडारचं काम केलं, असं मी म्हणते आणि त्यात मला जरासुद्धा अतिशयोक्ती वाटत नाही. एकच्या पुढची पहिली फेरी नैर्ऋत्येला क्षितिजालगतच गेली, आकडे तुटक आले. दूध झालं. पावणेदोन तासांनी पुन्हा आला तेव्हा तो चांगला वर होता, आणि जुगनूची टिप-टाप शेवटपर्यंत मिळाली. गच्चीवर वीसेक माणसं जागी होती. कुणी खोकलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी काकांकडे पोहे-जलेबी आणि आलेखाचा कागद. माझे आकडे ठिपक्यांनी मांडले, वरून खाली उतरत जाणारी रेघ तयार झाली. मग संगणकावर प्रत्येक ऑब्जेक्टची अपेक्षित रेघ काढून शेजारी ठेवली. एक सोडून बाकी सगळ्या सरकलेल्या. जी जुळली तिच्यापाशी काकांनी लाल पेन्सिलीनं ‘जुगनू’ लिहिलं आणि खाली आम्हा सगळ्यांची नावं, काकूंचं सर्वांत आधी.

पुढची वर्षंही चांगली गेली. जुलै २०१४ मध्ये हॅमसॅट बंद पडला तेव्हा त्या कोजागरीला काकांनी त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणाची कॅसेट लावली होती. २०१६ ला तर मंडळाला दिवाळीच आली. जूनमध्ये पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा एक किलोचा स्वयम् आणि २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा प्रथम. पुण्यामुंबईची पोरं म्हणजे आपलीच पोरं, असं म्हणत ज्यांनी कधी रेडिओकडे पाहिलं नव्हतं तेही आजोबा स्वयम् ऐकायला साडेनऊलाच येऊन बसले.

आता काम खूप अवघड झालंय. २०१७ च्या फेब्रुवारीत पीएसएलव्ही-सी३७ नं एका वेळी १०४ उपग्रह सोडले, २०२१ च्या जानेवारीत फाल्कन-९ नं १४३. इतक्या गर्दीत अक्षरांच्या जागी नावं यायला कधी कधी कित्येक आठवडे जातात. जो उपग्रह बोलतच नाही, तो तर अनेकदा ओळखीवाचूनच राहतो. पण ऐकणारेही वाढलेत. टीव्हीसाठी बनलेल्या अंगठ्याएवढ्या डोंगलवर रिसीव्हर होतो, आणि ग्रीसमधून सुरू झालेल्या सॅटनॉग्सच्या जाळ्यात जगभरची घरगुती स्टेशनं आपापले आलेख एकत्र टाकतात.

आमच्या गच्चीवरही डोंगल आलंय. पडद्यावर धबधब्यासारखी रेघ उतरते, वही लागत नाही. काकांचं वय झालंय, ॲन्टेना आता दादाची मुलगी धरते, नववीतली. गेल्या कोजागरीला तिनं एका नव्या उपग्रहाच्या रेघेवरून तो ‘एफ’ असल्याचं सांगितलं, काका ‘जी’ म्हणत होते. दोघांनी खुर्च्या ओढल्या, आकडे काढले आणि दूध गार होईपर्यंत वाद घातला. सकाळच्या फेरीनंतर काकांनी फोन करून सांगितलं, “एफच आहे गं. तुझा सेकंद बरोबर होता.”