हौद्याचं कव्हर : अ‍ॅव्हरेज खाल्लं ते वाऱ्याने

पिकअपच्या हौद्यावर, म्हणजे मागच्या उघड्या माल ठेवायच्या जागेवर, कव्हर बसवल्यावर मायलेज का पडलं, या तीन आठवडे डोकं खाल्लेल्या प्रश्नाचं उत्तर काल मिळालं. मागच्या वेळी सांगितलं होतं तसं, टपावरचं कॅरिअर उतरवल्यावर माझी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप लिटरला 11.6 किलोमीटरवरून 12.5 वर आली होती. मग हौद्यावर कापडी कव्हर बसवलं आणि आकडा थेट 11.4! आधी वेल्क्रोवर संशय गेला. ऑनलाइन मागवलेल्या त्या कव्हरची वेल्क्रो पहिल्याच पावसात सुटली, नव्वदला कापड फुग्यासारखं वर यायचं. मोंढ्यातल्या ताडपत्रीवाल्या काकांनी दुहेरी शिलाई मारून कडेने पट्टा ओवून दिला. आता ढोलकीसारखं ताणलेलं बसतं, बोटाने टिचकी मारली की वाजतं. पण आकडा हलेना.

काल माळीवाड्याहून समृद्धीला लागलो. वैजापूरच्या अलीकडे बांधावरच्या बाभळी सगळ्या पूर्वेकडे वाकलेल्या दिसल्या आणि लख्ख कळलं. कॅरिअरची चाचणी मे महिन्यातली, शिर्डीहून येतानाची. कव्हरची जुलैतली, शिर्डीकडे जातानाची, म्हणजे पश्चिमेचा वारा थेट तोंडावर.

ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. गाडी 90 ला आणि समोरून 20 चा वारा असेल, तर हिशोब 110 चा, ड्रॅग जवळपास दीडपट. तोच वारा पाठीवर घेतला तर 70 चा, म्हणजे 60 टक्के. दोन्हींची सरासरी काढा, तरी 5 टक्के जास्तच राहतो. पाठीवरचा वारा पूर्ण भरपाई करत नाही, म्हणून जाऊन-येऊन मोजलेले आकडेसुद्धा वाऱ्याच्या आणि बिनवाऱ्याच्या दिवशीचे एकमेकांशी लावू नयेत.

मग कालच दोन फेऱ्या मारल्या. जाऊन-येऊन, त्याच पंपावर, त्याच नोझलला, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की भरणं थांबवायचं, क्रूझ कंट्रोलने वेग जीपीएसवरच्या 90 ला धरलेला. कव्हरसह 12.3, कव्हर गुंडाळून 12.1. फेरीला बारा लिटर डिझेल लागतं. भरताना अर्धा लिटर इकडेतिकडे झालं तरी 4 टक्के चूक, त्यामुळे 0.2 चा फरक मी धरत नाही. पण कव्हरने लिटरमागे किलोमीटरभर अ‍ॅव्हरेज खाल्लं नाही, एवढं पक्कं. (मूळ मापापेक्षा मोठ्या 265/60 च्या टायरमुळे ओडोमीटर अंतर दीड टक्का कमी दाखवतो, ती दुरुस्ती सगळ्या आकड्यांत केलेली आहे.)

खरा आनंद धाग्यांनी दिला. मास्किंग टेपने लोकरीचे बोटभर तुकडे हौद्यात चिकटवले, मित्राने शेजारच्या लेनमधून चित्रण केलं. कव्हर नसताना तळावरचे धागे चक्क केबिनकडे तोंड करून आडवे पडले होते! हवा फाळक्याला (हौद्याच्या मागच्या दाराला) धडकून खाली उतरते, तळावरून पुढे येते आणि हौद्यात भोवरा धरून बसते. वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. म्हणून फाळका पाडून गाडी चालवू नका, तो भोवरा मोडतो.

सगळ्यात जास्त फडफड फाळक्याच्या वरच्या कडेला होती. हे लिहिता लिहिताच सुचतंय, अख्खं कव्हर कशाला? मागचा अर्धाच हौदा झाकून बघू. काकांकडे ताडपत्रीचा तुकडा उरलाय, उद्या सकाळी तिकडेच जातो. शिवाय कॅरिअरचे ते 0.9 सुद्धा एकतर्फी मोजलेले, त्यामुळे एअर डॅमचं (पुढच्या बंपरखाली हवा अडवणाऱ्या पट्टीचं) काम पुढे ढकललं. आधी कॅरिअर पुन्हा टपावर चढवणार, एकाच दिवशी लावून, काढून, परत लावून तीन फेऱ्या.