आमची वाटचाल: नाव विचारायचं ट्रेनिंग

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यातली सिस्टरची नोकरी सोडून मी हे काम सुरू केलं, तेव्हा बायोमेडिकल कचऱ्याचं ट्रेनिंग द्यायचे. लाल पिशवी, पिवळी पिशवी. पेशंटची ओळख, म्हणजे समोरचा पेशंट तोच आहे ना हे ताडणं, हा त्यात जेमतेम अर्ध्या तासाचा विषय. पण प्रश्न सगळे त्याच अर्ध्या तासात यायचे. हळूहळू तेच आमचं मुख्य काम झालं.

नियम साधा आहे. औषध, रक्त देण्याआधी, नमुना घेण्याआधी पेशंटच्या ओळखीच्या दोन खुणा ताडायच्या. खाट नंबर त्यात धरायचा नाही, खाट बदलते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सुचवलेल्या नऊ उपायांत हाही होता. पुस्तकात उदाहरण असतं नाव आणि जन्मतारखेचं. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी! एका वॉर्डात दोन मडावी, शेजारी मेश्राम मायलेकी. बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरीचं आधारवर माहेरचं आडनाव, केसपेपरवर सासरचं. म्हणून आम्ही नाव आणि मनगटपट्टीवरचा आयपीडी (भरती पेशंटचा) नंबर हीच जोडी धरायला लावतो.

ट्रेनिंगचा निम्मा वेळ मात्र एका वाक्यावर जातो. "तुम्ही शांताबाई ना?" असं विचारलं की ऐकू न येणारी आजीही "हो जी" म्हणते. दवाखान्यात सिस्टरला नाही म्हणायची आपल्याकडे सवयच नाही. म्हणून "तुमचं नाव सांगा" असं विचारायचं. तेही जमवावं लागतं. पूर्ण नाव विचारलं की आजी लाजते, "त्यायचं नाव कसं घेऊ व बाई?" मग स्वतःचं नाव नि गाव तिच्या तोंडून घ्यायचं, बाकीचं पट्टीवर वाचायचं.

सगळ्यात कडक आम्ही रक्ताच्या बाबतीत असतो. इकडे सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट बरेच. एकाच घरातली भावंडं, आडनाव एक, पुन्हापुन्हा रक्त लागणारी. पिशवी लावण्याआधी दोघांनी खाटेजवळ उभं राहून ताडायचं, सिस्टरच्या टेबलावर बसून सह्या नाहीत. नमुन्याच्या नळीवर लेबल रक्त काढल्यावर, पेशंटसमोरच लावायचं. आधीच लेबल लावलेल्या नळ्यांचा ट्रे दिसला की आमचा लॅबवाला भागीदार तो उचलून बाजूला ठेवतो. लोक चिडतात, चिडू देत.

पावसाळ्यात साप चावलेले बेशुद्ध पेशंट येतात, सोबत कोणी नसतं. त्यांना तात्पुरता नंबर द्यायचा, अंदाजाने नाव लिहायचं नाही. सलाईनसाठी पट्टी कापली तर दुसऱ्या हाताला लगेच नवी. कापलेली पट्टी स्टँडला बांधलेली मी पाहिली आहे.

डॉक्टर मंडळी बोलावतात बहुतेक एनएबीएचच्या (दवाखान्यांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) कागदांसाठी, हजेरीच्या सह्यांपुरतं. आम्हाला चालतं. अट एकच, वॉर्डबॉय आणि मावश्याही बसल्या पाहिजेत, कारण पेशंटला एक्स-रेला तेच नेतात. रात्रपाळीसाठी वेगळी बॅच घेतो, तिचे वेगळे पैसे लावत नाही.