बोर्ड नावाची फळी

बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी सर्वाधिक येणारा इंग्रजी शब्द कोणता, असे कोणी विचारले तर मी 'बोर्ड' असे उत्तर देईन. बसस्थानकात गाडी फलाटाला लागली की 'बोर्ड कुठला हाय?' हा पहिला प्रश्न असतो. कॅम्पातल्या रस्त्यांची तक्रार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे जाते. आमच्या आजोबांच्या पिढीतले कित्येकजण कोल्हापूरला 'बोर्डिंगात' राहून शिकले. आणि दुकानावर कोणत्या भाषेचा बोर्ड असावा, यावरून आमच्याकडे मोर्चे निघतात. पाटी, कचेरी, जेवण आणि भांडण या सगळ्यांना एकच शब्द कसा पुरला, हे पाहायचे तर हजाराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे लाकडाची फळी. त्या काळातली ढाल लाकडी फळ्या जोडून केली जात असल्यामुळे ढालीलाही हाच शब्द वापरत, विशेषतः युद्धाच्या कवितांत. इथे मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण संस्कृतातल्या 'फलक' या शब्दाचेही फळी आणि ढाल हे दोन्ही अर्थ कोशांत दिलेले आहेत. आपली फळी आणि शाळेतला फळा ही त्याच फलकाची पुढची पिढी. दोन दूरच्या समाजांनी आपापल्या शब्दांना स्वतंत्रपणे एकाच वाटेने नेले, कारण दोघांच्याही ढाली सुताराकडून येत होत्या.

फळीला पाय लावले की मेज तयार होते. म्हणून इंग्रजीत 'बोर्ड' हा शब्द आधी जेवणाच्या मेजाला आणि मग त्या मेजावर रोज मिळणाऱ्या जेवणाला लागू झाला. बसस्थानकाच्या आसपास 'लॉजिंग-बोर्डिंग' अशा पाट्या आजही दिसतात. त्यांतले लॉजिंग म्हणजे मुक्काम आणि बोर्डिंग म्हणजे जेवण. (या हिशेबाने खानावळ नसलेल्या लॉजने 'बोर्डिंग' लिहिणे ही शुद्ध फसवणूक आहे, पण तेवढ्यासाठी तक्रार कोण करणार?) शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यापाठोपाठ इतर समाजांचीही बोर्डिंगे निघाली. खेड्यातल्या मुलाची शिक्षणातली खरी अडचण शाळेइतकीच दोन वेळच्या जेवणाची होती, आणि त्या संस्थांच्या नावात नेमके जेवणच होते, ही गोष्ट मला फार समर्पक वाटते.

त्याच मेजाभोवती बसून कारभार पाहणाऱ्या मंडळींनाही पुढे 'बोर्ड' म्हणू लागले. ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवण्यासाठी १७८४ च्या कायद्याने लंडनमध्ये 'बोर्ड ऑफ कंट्रोल' नेमले गेले. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे 'लोकल बोर्डाची शाळा' हा शब्दप्रयोग जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ऐकू येतो. महाराष्ट्रातले नातेवाईक मात्र 'यंदा मुलाचे बोर्ड आहे' असे म्हणतात तेव्हा आमच्याकडच्या मुलांना ते वेगळे वाटते, कारण इथे दहावीची ती परीक्षा 'एसएसएलसी' याच नावाने ओळखली जाते.

'कबर्ड' हा शब्दही याच घरातला आहे. पेले मांडून ठेवण्याचे मेज असा त्याचा मूळ अर्थ. दारे त्याला नंतर आली. त्यावरूनच मराठीत 'कपाट' आले, असे अनेक सुशिक्षित लोक ठामपणे सांगतात आणि ते साफ चूक आहे. कपाट हा संस्कृत शब्द असून त्याचा अर्थ दाराची फळी असा आहे. बद्रीनाथाचे कपाट उघडले, असे आपण म्हणतो ते याच अर्थाने.

जहाजाची बाजू हाही 'बोर्ड'चा एक जुना अर्थ आहे. पूर्वी जहाज वळवण्याचे वल्हे उजव्या बाजूला बांधलेले असे, म्हणून उजवी बाजू 'स्टारबोर्ड' झाली. या शब्दाचा ताऱ्यांशी काही संबंध नाही, त्यातला 'स्टार' सुकाणूचा आहे. सांबऱ्याच्या विमानतळावर हातात पडणारा बोर्डिंग पास हा त्या जहाजाच्या बाजूचा वारसा आहे, जेवणाच्या मेजाचा नव्हे.

बाजू किंवा कड असा अर्थ असणारा हाच जर्मानिक शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून 'बॉर्डर' होऊन इंग्रजीत परतला. म्हणजे ज्या दोन शब्दांवरून आमच्या भागात सर्वांत जास्त शाई सांडली, ते बोर्ड आणि बॉर्डर एकमेकांचे भाऊबंद आहेत. बॉर्डरचा आरंभीचा अर्थ ढालीची किंवा कापडाची कड असा होता. राज्याची हद्द हा अर्थ पुढे इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेच्या संदर्भात रूढ झाला. शहापूरच्या दुकानात साडीच्या काठाला 'बॉर्डर' म्हणणारी बाई म्हणूनच या शब्दाच्या जुन्या अर्थाला अधिक धरून बोलते.

पाट्यांचा वाद मात्र फळीपाशीच अडलेला आहे. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक न्यायालयाच्या आदेशानंतर हटवला गेला आणि गावात मोठा तणाव झाला. २०२४ च्या कायदादुरुस्तीने दुकानांच्या पाटीवर ६० टक्के कन्नड, आणि तेही वरच्या भागात, बंधनकारक केले. फ्लेक्सच्या पाट्यांवर असा बदल एका रात्रीत होतो आणि जुने काही मागे उरत नाही. पण गणपत गल्लीसारख्या जुन्या बाजारपेठेत पेंटरने एनॅमलने रंगवलेले पत्र्याचे बोर्ड अजून कुठे कुठे आहेत, आणि त्यांतल्या एखाद्याकडे तिरप्या उन्हात बाजूने पाहिले तर नव्या कन्नड अक्षरांखाली जुन्या मराठी नावाची शिरोरेघ रंगाच्या जाड थरातून उठलेली दिसते. ही सक्ती मला मान्य नाही, हे मी लपवत नाही. परंतु निवेदने लिहिताना मराठी कार्यकर्ते ज्याला 'नामफलक' म्हणतात, त्याला कन्नड कार्यकर्तेही 'नामफलक' असेच म्हणतात, आणि हा शब्द काढून टाकावा अशी मागणी आजवर कोणत्याही बाजूने माझ्या कानावर आलेली नाही.