‘ठीक आहे’ म्हणजे किती?

‘इथं राहणं कसं वाटतं?’ असं दारात उभं राहून विचारलं, की बहुतेक जण ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होतात. मराठीतलं हे ‘ठीक’ मोठं लबाड आहे. समाधान, कंटाळा, ‘आता निघा’, सगळं त्यात मावतं.

शहर राहायला किती चांगलं हे मोजणाऱ्या केंद्र सरकारच्या 2020 च्या ‘ईझ ऑफ लिव्हिंग’ निर्देशांकात 111 शहरं होती आणि नागरिकांच्या मताला 30 टक्के वजन होतं. पण तिथलं ‘लहान शहर’ म्हणजे 10 लाखांच्या आतलं. साठ हजार वस्तीच्या ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या गावाला लोकांना इथं राहणं कसं वाटतं याची पाहणी आपणच करावी लागते.

किती घरं घ्यायची? 95 टक्के विश्वासपातळी आणि ±5 टक्के चूक (म्हणजे शंभरातल्या 95 वेळा निकाल खऱ्या आकड्याच्या 5 टक्के अलीकडे-पलीकडे) धरली तर 385 उत्तरं. वस्ती साठ हजार असो की सहा लाख, हा आकडा जवळपास तोच राहतो. मात्र एका गल्लीतली उत्तरं सारखीच येतात, कारण सगळ्यांचं पाणी एकाच व्हॉल्व्हवर. म्हणून दीडपट, म्हणजे 578. पाचातलं एक घर बंद किंवा नकार देणारं धरलं, तर साधारण 720 दारं गाठावी लागतात: 36 वस्तीगट (लागून असलेल्या घरांचे गट), प्रत्येकी 20 घरं. एवढ्यावर प्रभागांची क्रमवारी मात्र लावू नये. 18 प्रभाग धरले तर एकेकाच्या वाट्याला 32 उत्तरं येतात आणि चूक ±17 टक्क्यांवर जाते. ‘अमुक प्रभाग पहिला’ अशी बातमी झकास होते, अर्थ काही नसतो.

घरपट्टीच्या आकारणी यादीवरून घरं निवडणं सोपं, पण ती मालमत्तांची यादी आहे, कुटुंबांची नव्हे. वाड्यात एका नंबरावर तीन बिऱ्हाडं असतात आणि भाडेकरू निसटतात. मतदारयादीत सासरी गेलेल्या लेकींची नावं तशीच असतात. त्यामुळे यादी हाताशी ठेवावी, पण निवडलेला गट पायी फिरून चुली मोजाव्यात. 120 निघाल्या तर दर सहावं घर. सुरुवात 1 ते 6 मधली चिठ्ठी काढून. कुलूप असेल तर तीन खेपा, त्यातली एक संध्याकाळी आणि एक रविवारी. शेजारचं उघडं दार ठोठावायचं नाही. तसं केलं की कामावर जाणारे सगळे गळतात आणि पाहणी घरी बसणाऱ्यांची होते.

घरात कोणाला विचारायचं यावर परदेशी पुस्तकांत सोपी युक्ती असते: ज्याचा वाढदिवस नुकताच झाला त्याला. आपल्याकडे ती फसते. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेला 1 जून अनेकांचा वाढदिवस असतो. त्यापेक्षा 18 वर्षांवरच्या सगळ्यांना वयानं उतरत्या क्रमानं लिहावं आणि चिठ्ठी काढावी. चिठ्ठी बाईची निघाली तर ‘ह्यांनाच विचारा’ ऐकावं लागतंच. शौचालय, रात्रीचं एकटीनं येणं-जाणं, हे प्रश्न ‘ह्यां’च्या तोंडून काही कामाचे नाहीत. म्हणून विचारायला जाणाऱ्यांच्या प्रत्येक जोडीत एक बाई हवीच.

प्रश्नांत मतापेक्षा आधी घडलेलं विचारावं. ‘पाणीपुरवठ्याबद्दल समाधानी आहात का?’ याऐवजी: गेल्या 7 दिवसांत नळाला किती दिवस पाणी आलं? किती मिनिटं? वरच्या मजल्यावर मोटर न लावता चढलं का? मग मत: ‘पाण्याला दहापैकी किती मार्क द्याल?’ पाच खणांच्या ‘अत्यंत समाधानी’ वगैरे मोजपट्टीवर लोक मधल्या खणात जाऊन बसतात. मार्क मात्र शाळेची पायरी चढलेल्या कोणालाही देता येतात. ‘रस्ते व गटारं कशी आहेत?’ हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. रस्ता नवा आणि गटार तुंबलेलं असेल तर माणसानं काय सांगायचं? पंचवीस प्रश्न, पंधरा-वीस मिनिटं. त्यापुढे उत्तरं लांबट होत नाहीत, खोटी होतात.

दारात पहिला प्रश्न लोकच विचारतात: ‘कोणाकडून आलात?’ नगरसेवकाचा कार्यकर्ता सोबत असेल तर गाव एकदम सुखी निघतं. घरकुलाच्या यादीसाठी आलेत असा समज झाला तर तेच गाव कंगाल होतं. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगावं: यातून कोणाचं नाव कुठल्या यादीत लागणार नाही. नळाला पाणी येण्याच्या वेळी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊच नये.

आकडेवारी जमल्यावर तोल तपासावा. समजा उत्तरांत बायका 61 टक्के आणि वस्तीत 49, तर बेरीज करताना त्यांचं प्रत्येक उत्तर 0.80 आणि पुरुषांचं 1.31 धरायचं. दहा टक्के घरी दुसऱ्याच माणसानं जाऊन दोन-तीन प्रश्न पुन्हा विचारावेत. झाडाखाली बसून भरलेले फॉर्म इथेच सापडतात.

आणि महिना लिहून ठेवावा. मे महिन्यात पाण्याला मिळालेले 3 मार्क ऑगस्टमध्ये 7 होतात, तेव्हा रस्त्याचे मात्र खड्ड्यात जातात. पुढच्या वर्षीची फेरी त्याच महिन्यात, त्याच शब्दांत.