आमची वाटचाल : बोअर, गेज आणि ते एक वर्ष

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनकामाचा गाळा भाड्यानं घेतला तो 1992 साली. भांडवल म्हणजे एक जुनं उभं बोअरिंग मशीन, सिलिंडर आतून घासायचे होनिंगचे दगड, बेअरिंग तापवायची कढई आणि शिरोलीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून घेतलेलं, सिलिंडरचा आतला व्यास (बोअर) मोजायचं मिटुटोयोचं बोअर गेज. गेजला मोजलेले पैसे ऐकून वडिलांनी बोलणंच सोडलं होतं. ते गेज आजही रोज चालतं. त्याच्या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही, माझ्या पोरानंही नाही. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजायचा. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर जायच्या भोकाच्या) बाजूला झीज जास्त असते, तिथं सुई कशी हलते ते बघायचं आणि मगच ओव्हरसाइज, म्हणजे बोअर किती वाढवून मोठं पिस्टन घालायचं ते, ठरवायची. नुसतं बोट फिरवून ‘पन्नास टाका’ (अर्धा मिलिमीटर वाढवा) म्हणणारे मेस्त्री मी पुष्कळ बघितलेत.

काम मुख्यतः यामाहाच्या आरएक्स 100 मोटरसायकलचं. 98 सीसी, बोअर पन्नास, स्ट्रोक पन्नास, ताकद अकरा हॉर्सपॉवर. 1996 मध्ये कंपनीनं गाडी बंद केली तेव्हा लोक म्हणाले, आता तुमचं कसं? उलट आमचं तेव्हाच सुरू झालं. नवी मिळेना म्हटल्यावर जुनीच पुन्हा उभी करायची. बोअर वाढवत न्यायचा : पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर आणि मग स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी.

आमचं पहिलं खात्रीचं गिऱ्हाईक म्हणजे वडणग्याचे दूधवाले मामा. पहाटे शिवाजी पूल ओलांडून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर यायचे, गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवलेले. आल्या आल्या तक्रार ठरलेली : ‘‘मेस्त्री, गाडी वडंना झालीया.’’ वेग त्यांना नकोच होता, खालच्या आरपीएमला (इंजिनच्या कमी फेऱ्यांना) ओढ पाहिजे होती. त्यांचं इंजिन मी जसं बांधलं तसंच आजही रोजच्या वापराच्या गाडीला बांधतो. पोर्टची उंची वाढवायची नाही. सिलिंडर आणि क्रँककेस जिथं जुळतात तिथं ट्रान्सफरच्या (मिश्रण वर नेणाऱ्या वाटेच्या) तोंडाशी ओतकामाची कड राहिलेली असते, पॅकिंगही आत आलेलं असतं. तेवढं फाइलनं जुळवून घ्यायचं. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालून क्रँक फिरवायचा आणि चेपलेली तार मोजायची, ती पिस्टन आणि हेडमधली फट; हेड लेथवर तासून ते माप एक मिलिमीटरच्या आसपास आणायचं. रीडच्या (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या) पाकळीला चीर गेली नसेल याची खात्री करायची. क्रँकची दोन्ही सील नवी, यात काटकसर नाही : मॅग्नेटकडचं सील हवा घेतं आणि इंजिन सीझ करतं (पिस्टन आत जाम होतं), क्लचकडचं गिअरऑईल ओढून पांढरा धूर मारतं. पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी. सायलेन्सरची आतली नळी काढून जाळून साफ. शेवटी कार्बुरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा जेट बसवायचा आणि प्लगचा रंग चहासारखा आला की हात थांबवायचा. मामा पुलाचा चढ तिसऱ्या गिअरवर चढून आले त्या दिवशी गाळ्यात बासुंदी आली होती.

आता ते वर्ष. साल 2003.

आमच्याच गाळ्यात हात काळे करून शिकलेल्या एकानं समोरच्या रांगेत दुकान टाकलं. टाकू दे, त्याचं मला काही नाही. पण त्यानं आवाजाचा धंदा सुरू केला. ग्राइंडर घेऊन एक्झॉस्ट पोर्ट वर चढवायचा, सायलेन्सर कापायचा. कॉलेजची पोरं रांगेनं उभी. ताकद सगळी वरच्या आरपीएमला. भवानी मंडपाच्या गर्दीत गाडी रडायची. पोर्टच्या कडा मोडून गोल कराव्यात हेही त्याला सुचायचं नाही. मग रिंग कडेला अडकून तुटायची, आणि ते सिलिंडर गुपचूप माझ्याकडंच.

तेवढ्यात आमच्याकडून बांधून गेलेली इंजिनं सीझ होऊन परत यायला लागली. आज एक, परवा दोन. सगळ्यांची अर्ध्या मिलिमीटरची ओव्हरसाइज, पिस्टनच्या स्कर्टला (खालच्या भागाला) उभे ओरखडे, रिंगा चिकटलेल्या. मी बोअर पुन्हा मोजला, बरोबर. पिस्टन मोजलं, बरोबर. क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बोअरमधली फट, चाळीस मायक्रॉन, ऑईल पंपाची खूण जागेवर. समोरून कुजबुज सुरू झाली : ‘‘त्यांच्या गेजची सुई हललीया.’’ उद्यमनगरात अशी गोष्ट दुपारच्या चहापर्यंत सगळ्या गाळ्यांत पोचते. कामं थांबली. भाडं थकलं. भंगारवाला बोअरिंग मशीनला हात लावून बघून गेला, वर पाचशे रुपये इसार ठेवून गेला. ते पाचशे मी ड्रॉवरमध्ये तसेच ठेवले होते.

मामांची गाडी मात्र चालू होती. तेच मशीन, तेच गेज, तेवढाच क्लिअरन्स, आणि रोज दुधाचं ओझं. ती सीझ व्हायला हवी होती सगळ्यात आधी. फरक एकच : त्यांचं पिस्टन जुन्या लॉटमधलं. नव्या लॉटचे खोके, होलोग्राम, छपाई सगळं कंपनीचंच वाटायचं.

मग मी एका रात्री बसलो. एका जुन्या स्लीव्हला 50.60 चं बोअर मारलं. एक जुनं पिस्टन, एक नवं. थंड असताना दोन्ही स्लीव्हमधून सुळकन आरपार. साखर कारखान्याच्या लॅबमधून ओळखीनं थर्मामीटर आणलेला होता. दोन्ही पिस्टन बेअरिंगच्या कढईत, ऑईलमध्ये दीडशे डिग्रीला तापवली. चिमट्यानं धरून जुनं सोडलं, ते गेलं. नवं सोडलं, ते मध्येच बसलं. हलवलं तरी हलेना. गार झाल्यावर आपोआप खाली पडलं.

चांगल्या पिस्टनच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर असतं, त्यामुळं ते गरमीत कमी फुगतं. हा माल हलक्या धातूचा होता. पन्नास मिलिमीटरला वीसेक मायक्रॉन जास्त फुगणं म्हणजे अर्धा क्लिअरन्स गेला. मायक्रोमीटरवर हे कधीच दिसणार नाही.

पार्टवाल्याकडं गेलो. माल परत घेणार नाही, बिल दाखवा म्हणाला. बिल त्यानंच कधी दिलं नव्हतं. परत आलो आणि सीझ झालेली सगळी इंजिनं स्वतःच्या पैशानं पुन्हा बांधून दिली. पिस्टन थेट पुण्याहून मागवली. मामांनी काय केलं, तर कट्ट्यावर उभं राहून दूध घालता घालता प्रत्येकाला कढईची गोष्ट सांगितली. स्लीव्हही घेऊन गेले होते दाखवायला. दुधाचा वास बरेच दिवस गेला नाही तिचा. भंगारवाल्याला त्याचे पाचशे परत दिले. सुई हलल्याचं बोलणारे मात्र ‘आमचं चुकलं’ म्हणायला अजून आलेले नाहीत.

पुढची वर्षं कामात गेली. 2020 ला बीएस-सिक्स हा धुराचा नवा नियम आला, नव्या गाड्यांचा कार्बुरेटर गेला, आणि आरएक्स मात्र लाखाच्या पुढं विकली जायला लागली. आता पोरं तीच गाडी आजोबांच्या गोठ्यातून काढून आणतात.

त्यांना सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. काही आपल्याच उसाचं, पण जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलचा पाइप, फ्लोट बाऊलचं पॅकिंग, नळाची रबरं बदलून घ्या. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर बाऊल रिकामा करून ठेवा. या पेट्रोलवर मिश्रण हलकं पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), म्हणून मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लग बघा. आणि नव्या बोअरला पहिले पाचशे किलोमीटर दम द्या. एखादा पोरगा रंकाळ्यावर गाडी पिदडून आणतो आणि बोअर घट्ट झाला म्हणून माझ्याशी भांडतो.

समोरच्या दुकानातही आता होनिंगचं काम आलं की त्याचा मुलगा सिलिंडर पिशवीत घालून माझ्याकडं आणतो. बाप स्वतः येत नाही. काम करून देतो, मापाची चिठ्ठीही घालतो. दर मात्र इतरांपेक्षा शंभर रुपये जास्त, आणि उधारी नाही.