चाळून चाळून बिघडलेलं लॅक्टोज

जुलैत कोल्हापुरात लॅबमध्ये काहीही बिघडलं की पहिलं खापर पावसावर फुटतं. त्या दिवशीही तसंच झालं.

ड्राय पावडर इनहेलरसाठी, म्हणजे श्वासाने कोरडी पावडर ओढून घ्यायच्या उपकरणासाठी, साल्ब्युटामॉल सल्फेट (दम्याचं औषध) आणि लॅक्टोज (दुधातली साखर) यांचं ब्लेंड, म्हणजे मिश्रण, होतं. प्रमाण नेहमीचं, 1 ला 67.5: औषध 0.4 ग्रॅम, लॅक्टोज 27 ग्रॅम, कॅप्सूलमागे 33 मिलिग्रॅम. दहा ठिकाणचे नमुने तपासले, औषध सगळीकडे सारखं. पण ट्विन इम्पिंजरने, म्हणजे औषध घशात अडकतं की फुप्फुसापर्यंत जातं हे दोन फ्लास्कांत तपासणाऱ्या उपकरणाने, घोळ दाखवला. मिनिटाला 60 लिटर हवा ओढली की त्याच्या खालच्या फ्लास्कात साधारण 6.4 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणच पोचतात. तिथे मागच्या ब्लेंडच्या जेमतेम निम्मं औषध. बरंचसं वरच्या फ्लास्कातच अडकलेलं, म्हणजे पेशंटच्या घशात बसून पोटात गेलं असतं.

नीट मिसळलं म्हणजे नीट सुटेल असं नाही. इथल्या मुलांना हे भडंगावरून पटकन कळतं. चिरमुऱ्याला मसाला धरला पाहिजे. आपल्याकडे मात्र तो तोंडापर्यंत धरायचा आणि श्वास ओढताक्षणी सोडायचा. औषधाचे 1 ते 5 मायक्रॉनचे कण नुसते ठेवले तर एकमेकांनाच चिकटतात, कॅप्सूलमध्ये भरताही येत नाहीत. म्हणून लॅक्टोजच्या मोठ्या कणांवर बसवून न्यायचे. (इनहेलर घेतल्यावर जिभेला गोडसर लागतं ते हेच लॅक्टोज.)

पावसाचा संशय फेडायला जुनं आणि नवं ब्लेंड मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर, 25 अंशांना सुमारे 53 टक्के आर्द्रतेत, एकत्र ठेवलं आणि एकाच दुपारी तपासलं. फरक तसाच राहिला. पाऊस निर्दोष सुटला.

मग दोन्ही लॅक्टोज सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. दोन्ही 63 ते 90 मायक्रॉनची, कुऱ्हाडीच्या पात्यासारखे स्फटिक. जुन्याच्या अंगावर, खाचांत पांढरी भुकटी बसलेली. नवं काचेसारखं लखलखीत. जुनं हलणाऱ्या चाळण्यांवर चाळलेलं होतं, नवं एअर जेट चाळणीवर. तिथे खालून हवा ओढली जाते, अंगाला धरलेली भुकटीही निघून जाते. कामचुकारपणा कुणाचाच नव्हता, उलट काळजी जास्त झाली होती.

ती भुकटी, 10 मायक्रॉनखालचे 'फाइन्स', फार कामाची. कणाच्या पृष्ठभागावर खाचा आणि घट्ट धरणाऱ्या जागा असतात, त्या आधी ती अडवते. मग औषध सैल जागी बसतं. औषध आणि भुकटीचे एकत्र गोळे होऊन ते हवेत सहज फुटतात, असंही एक स्पष्टीकरण आहे. माझ्या मते दोन्ही थोडंथोडं खरं असावं.

उपाय साधा. 25.65 ग्रॅम धुतल्यासारख्या स्वच्छ लॅक्टोजमध्ये आधी 1.35 ग्रॅम मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक दळलेलं) लॅक्टोज, म्हणजे 5 टक्के, टर्ब्युला मिक्सरवर फिरवलं. मग औषध दोन थरांच्या मधे घालून पुन्हा 30 मिनिटं. मिसळताना चढलेला स्थिर विद्युतभार उतरावा म्हणून एक दिवस ब्लेंडला हात लावला नाही. खालच्या फ्लास्कातला आकडा जुन्याच्या जवळ आला. उत्साहात कुणीतरी 10 टक्के करून बघितलं, तर पावडर वाहीना आणि कॅप्सूलची वजनं वरखाली व्हायला लागली.

आता बरणीवर चाळणीच्या मापाखाली लॅक्टोज कुठल्या यंत्रावर, किती मिनिटं चाळलं हेही लिहिलेलं असतं.